मथुरेची चौपेडी

“हळू ओढ वैनी, मानंतनं जीव जातोय.”

“आत्ता गेला तर जाऊ दे. दुपारी पावणे आल्यावर तेवढा जाऊ देऊ नको.”

मथुरा खुदकन हसली आणि त्या हसण्याने माझ्या बोटांतला पेड सुटला. मी तिच्या डोक्यात टपली मारली आणि पुन्हा मानेपासून सुरुवात केली.

आम्ही दोघी मागच्या दारात उजेडाला बसलो होतो. पुढच्या सोप्यातला हातमाग आमच्या ह्यांनी सकाळीच थांबवला होता. आमच्या विट्याच्या कोष्टी आळीत माग बंद असलेलं घर म्हणजे एक तर कुणी गेलेलं असायचं, नाहीतर पाहुणे यायचे असायचे. त्यामुळे येणारी-जाणारी प्रत्येक बाई दारात वाकून बघत होती.

“झालं का न्हाई?” आतून सासूबाईंनी विचारलं.

“होतंय आत्ती.”

“ओढून बघ. मी सांगते म्हणून ओढून बघ.”

मी वेणी हातात धरून हिसका दिला. मथुरेचं डोकं मागं आलं, पण वेणी जागची हलली नाही.

मथुरा माझी धाकटी नणंद. आदल्या वर्षी तिला मुदतीचा ताप आला. ताप उतरला तो केस घेऊनच उतरला. फणी फिरवली की मुठीएवढा पुंजका हातात यायचा. माका घालून उकळलेलं खोबरेल झालं, जास्वंदीची पानं वाटून झाली, शिकेकाईत रिठा घालणं बंद करून झालं. केस पुन्हा उगवले, पण ते खांद्याशी येऊन थांबले. आणि आमच्यात तेव्हा असं मानायचे की पोरीच्या डोक्यावर केस नाहीत म्हणजे तिच्या अंगात रक्त नाही, दुखणं आहे. अशा पोरीला कोण करून घेणार?

तिला एक स्थळ त्यावरूनच गेलं. दुसऱ्या वेळी सासूबाईंनी बाजारातून गंगावन, म्हणजे उसन्या केसांचा झुबका, आणलं आणि तिच्या केसांना गाठ मारून बांधलं. बघायला आलेल्या बायकांतल्या एकीनं कौतुकाने वेणी हातात घेतली, आणि वेणी हातातच राहिली. ती बाई उठली. गंगावन शेपटासारखं धरून दारापर्यंत गेली, ते उंबऱ्यावर ठेवलं आणि चपला घालून निघाली. ही गोष्ट आमच्या आधी सगळ्या आळीला कळली. त्यानंतर मथुरा पाण्याला जाईनाशी झाली.

आता हे तिसरं स्थळ होतं, इचलकरंजीचं. मुलगा यंत्रमागावर. सासूबाई म्हणाल्या होत्या, “आता हेबी गेलं तर आमच्या जातीत हिला कुणी विचारणार न्हाई. अनसा, तुझ्या बोटात कसब हाय. निघणार न्हाई असं काहीतरी कर.”

कसब कसलं, मागावर तुटलेला धागा सांधता येत होता एवढंच. पण बाजारचं गंगावन का निघालं ते मला कळलं होतं. त्याला एकच गाठ होती. मी चार वेगळ्या बटा करायचं ठरवलं. प्रत्येक बट काळ्या दोऱ्याने वेगळ्या उंचीवर बांधायची, म्हणजे मानेवर गाठीचा गोळा दिसत नाही, आणि वरून मथुरेचे स्वतःचे केस पांघरायचे. तिपेडी घातली तर त्यात जोड उघडा पडतो. पाचपेडी पसरट होते, विरळ केसात तिच्यातून मान दिसते. चौपेडी गोल आणि घट्ट बसते. म्हणून चौपेडी.

केसांसाठी मी घरातल्या बायकांच्या फणीत येणारं गुंतवळ साठवलं होतं. एरवी आम्ही ते कोनाड्यात कोंबून ठेवायचो आणि केसावर भांडी देणारी बाई आली की तिला द्यायचो. मी आपली कोष्ट्याची सून. ते गुंतवळ कापसासारखं पिंजलं आणि सुतासारखं खळखळून धुतलं. वाळल्यावर हातात आलं ते घोंगडं. फणी तर राहू द्या, सुईसुद्धा त्यातून जाईना. सासूबाई ते बघून कपाळाला हात लावून बसल्या. पाहुणे यायला दिवस थोडे उरले होते. मग मी दुसरं केलं. ते जमलं.

दुपारी पाहुणे आले. एक म्हातारे गृहस्थ आमच्या ह्यांच्याबरोबर बाहेर बसले आणि दोन बायका आत आल्या. एक मुलाची थोरली भावजय, हौसा. गोरी, भरलेली, बोलताना दुसऱ्याच्या मांडीवर हात ठेवणारी. दुसरी मुलाची मावशी, तुळसाबाई. मुलाला आई नव्हती. मावशीनंच वाढवला होता, म्हणून शब्द तिचा चालणार हे सगळ्यांना माहीत होतं. मावशी काळीसावळी, वाळकी. ती फार बोलत नव्हती. आल्यापासून ती आमचं घर बघत होती. भिंती, चूल, मागाशेजारची सुताच्या कांड्यांची टोपली, पाण्याचा हंडा.

“कांडी भरता येती का गं?” हौसाने विचारलं.

मथुरेनं चरख्यावर कांडी भरून दाखवली. एकदाही सूत तुटलं नाही.

“सैपाक?”

“करते.”

“कुणाच्या हाताखाली?”

“वैनीच्या.”

“आणि वैनी कुणाच्या?”

“आईच्या. आई म्हणते अजून शिकली न्हाई.”

मावशी गालात हसली. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. मी चहाच्या कपबश्या पुढं केल्या. पदर कपाळापर्यंत ओढला होता, त्यामुळे वाकताना मला समोरच्यांचे हातच काय ते दिसत होते. हौसाचा हात मथुरेच्या पाठीवर गेला आणि वेणीवरून खाली घसरला.

“वेणी झ्याक हाय. कुणी घातली?”

“वैनीनं.”

“चौपेडी व्हय? आमच्याकडं हल्ली कोण घालतंय एवढी मेहनत करून.” हौसाने वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “सोडून बघूया का जरा? राग मानू नका हं बाई. आमच्या शेजारी एक पोरगी सून म्हणून आली, वेणी गुडघ्याला. पयल्या न्हाणाला बघितलं तर निम्मी वेणी खुंटीवर आणि निम्मी पोरगी मोरीत.”

सासूबाईंच्या हातातली बशी कपाला लागून वाजली. मथुरा खाली बघत होती. तिच्या मानेवर घामाचा एक थेंब आला आणि वेणीत शिरला, तो मला स्पष्ट आठवतो. मला वाटलं, आता पुन्हा उंबरा.

“हौसा, तू बस,” मावशी म्हणाली. “चहा पी तू. मी बघते.”

ती मथुरेच्या मागं येऊन बसली. गोंडा सोडला आणि खालून एकेक पेड उलगडत वर आली. अर्ध्या पाठीपर्यंत आली. खांद्यापर्यंत आली. मग तिची बोटं केसांच्या आत गेली आणि थांबली. गाठ सापडली हे मला तिच्या मनगटावरूनच कळलं. तिने आतला एक केस वेगळा काढला, अंगठा आणि बोटात धरून चोळला. दुसरा घेतला, तो चोळला. तिसरा घेतला. मग मान वर केली. तिने मथुरेकडे बघितलं नाही, सासूबाईंकडे नाही. माझ्याकडे बघितलं. माझा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे गेला.

मावशीनं सुटलेले पेड हातात घेतले आणि पुन्हा चौपेडी घालायला लागली. कुठं चुकली नाही, कुठं घाई केली नाही. शेवटी गोंडा बांधला.

“केस चांगले हायेत. मऊ हायेत. तेल कुठलं लावता?”

“माक्याचं,” सासूबाई कशाबशा म्हणाल्या.

“मी बघू?” हौसा पुढं सरकली.

“मी बघितलं की. माझ्या हातावर भरवसा न्हाई का?”

“तसं न्हवं मावशी.”

“मग चहा पी. गार होतोय.” आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “पोरी, तेलाचा हात झाला. धुवायला पाणी दे जरा.”

मी तिला परसात नेलं. तांब्याने पाणी घालत होते, ती सावकाश हात चोळत होती.

“गुंतवळाचं गंगावन मी लई बघितलंय,” ती म्हणाली. “त्यात कुणाचं मूळ वर, कुणाचा शेंडा वर. बोटात चोळलं की एक केस वर चालतो, एक खाली. हे सगळे एका वाटेनं चालले.” तिने हात झटकले. “हे एका डोक्यावरचे हायेत. कापलेले.”

मी तांब्या खाली ठेवला.

“पदर काढ.”

मी मागच्या दाराकडे बघितलं. कुणी नव्हतं. पदर खाली घेतला. तिने माझा अंबाडा हातात घेऊन वर उचलला. अंबाडा मोठा दिसत होता, पण तो जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचा गोळा होता, वरून केसांचा एक पातळ थर गुंडाळलेला. खाली मानेवरचे केस कापलेले होते. मागावरच्या कात्रीनं, आरसा नसताना, हाताला येतील तसे.

“नवरा असताना डोक्याला कात्री लावलीस?”

“गुंतवळाचं जमलं न्हाई. त्याचं घोंगडं झालं.”

“पिंजलंस?”

“व्हय.”

“कोष्टी ते कोष्टीच,” ती म्हणाली. “सासूला ठाव हाय?”

“न्हाई.” सासूबाईंना कळलं असतं तर मला माहेरी धाडायला त्यांनी कमी केलं नसतं. सवाशिणीने केस कापणं म्हणजे स्वतःच्या हाताने नवऱ्यावर संकट ओढवणं, असं त्या मानायच्या. खरं सांगायचं तर मीही मानायची. कात्री घेताना माझे दात वाजत होते.

“आणि नवऱ्याला?”

“पुरुषांना काय कळतंय.”

त्यावर ती हसली. मग पदराला हात पुसत पायरीवर टेकली.

“हे बघ. मी तिथं गप बसले ती त्या पोरीच्या केसासाठी न्हवं. माझी बहीण गेली तवा महादेव पाळण्यात होता. मी त्याला घर बघून बायको करणार, असं ठरवलंय. घर बघितलं. ज्या घरात भावजय नणंदंसाठी कात्री धरती, तिथली पोरगी आमच्यात येऊ दे.” ती उठली. “पण एक हाय. हौसाला फसवलंत तर माझी काही हरकत न्हाई, तिला सवयच लागली पायजे. महादेवाला फसवायचं न्हाई. हळदीच्या आधी त्याला कळलं पायजे. मी सांगणार न्हाई, तुमचं तुम्ही सांगा. न्हाई सांगितलंत तर मग मी सांगीन, आणि सुपारी परत घ्या.”

सुपारी त्याच दिवशी फुटली. सासूबाईंनी शेजारीपाजारी साखर वाटली. ज्या बायका सकाळी वाकून बघत होत्या त्यांना तर मूठभर जास्तच दिली. पाहुणे गेल्यावर मी चुलीपुढं बसून दोघींना मावशीचं म्हणणं सांगितलं. केस कुणाचे ते तेवढं सांगितलं नाही. मावशीला गाठ लागली, एवढंच.

“कशाला सांगायचं?” सासूबाई म्हणाल्या. “लगीन होईस्तोवर वाढतील. आणि न्हाई वाढले तर लगीन झाल्यावर कोण परत धाडतंय? त्या म्हातारीनं त्या वक्ताला सांभाळून घेतलं न्हवं? मग आता कशाला उकरून काढायची?”

मथुरा लाकडं पुढं सारत होती.

पुढच्या आठवड्यात महादेव स्वतःच आला. विट्याच्या बाजाराला सूत बघायला आला होता, मावशीनं लग्नाच्या तिथीचा निरोप त्याच्याबरोबर धाडला होता. आमचे हे त्याच्याशी सोप्यात बोलत बसले. सासूबाई लगबगीनं आत आल्या.

“अनसा, हिची वेणी घाल. ती चौपेडी. घाई कर, पाणी हिच्याच हातानं जाऊ दे.”

त्या बाहेर गेल्या. मी गंगावन काढून मांडीवर घेतलं. मथुरा माझ्याकडे पाठ करून बसली. मी पहिली बट उचलली.

“वैनी,” ती म्हणाली, “माझ्या एवढ्याच केसांची कुठली वेणी बसंल?”

“एवढ्याची तिपेडीच. चौपेडीला पुरणार न्हाईत.”

“केवढी हुईल?”

“वीतभर. त्यातबी शेवटाला उंदराची शेपटी.”

“घाल.”

मी हातातल्या बटेकडे बघितलं.

“मथे, ह्या खेपेला गेलं तर आत्ती म्हणतात तसं...”

“उंबऱ्यावर ठेवलं होतं ते तुला आठवतंय ना? मी आतनं बघत होते. ते परत नको. दर न्हाणाला दार लावून बसायचं, दर खेपेला कुणी हात लावला की दचकायचं. घाल म्हणते ना.”

मी घातली. टोकाला दोऱ्याची गाठ मारली. गोंडा बांधला असता तर गोंडाच वेणीपेक्षा मोठा दिसला असता.

ती तांब्या घेऊन सोप्यात गेली. मी चौकटीला धरून उभी राहिले. सासूबाई काहीतरी सांगत होत्या, “आमच्याकडच्या तिथी म्हणजे...” आणि तिथंच थांबल्या. आमच्या ह्यांनी त्यांच्याकडे बघितलं, मग बहिणीकडे बघितलं, पण काय झालं ते त्यांना अजून कळलं नव्हतं.

मथुरेनं तांब्या महादेवापुढं ठेवला. तिथूनच परत फिरायचं असतं. ती फिरली, पण निघाली नाही. त्याच्याकडे पाठ करून तशीच उभी राहिली.

“हे माझे केस हायेत,” भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली. “तापात गेले, पुन्हा एवढेच आले. मावशींना त्या दिवशी दाखवले ते माझे न्हवते.”

महादेवाने तांब्या उचलला. वरून पाण्याची धार तोंडात धरून प्यायला लागला. पिताना त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती आणि आम्ही सगळे ती बघत होतो. त्याने सगळा तांब्या संपवला.

“आमच्याकडं यंत्रमाग हाय,” तो म्हणाला. “वर दांडा फिरतो आणि त्याच्यावरनं पट्टे खाली येतात. घरातल्या बायकांना पट्ट्याजवळ उभं राहावं लागतं. गेल्या साली शेजारच्या घरी एका बाईची वेणी पट्ट्यात गेली.”

“अगं बाई,” सासूबाई म्हणाल्या.

“वाचली ती. पण तवापासनं आमच्या आळीत बायका अंबाडा घालून वर फडकं बांधतात. लांब वेणी चालत न्हाई.” त्याने तांब्या खाली ठेवला. “हौसावैनीनं सांगितलं, पोरीची वेणी कमरंच्या खाली हाय. मी म्हटलं, आता झाली पंचाईत. लगीन होऊन आलेल्या बाईला पयल्याच दिवशी केस बांध म्हणून कसं सांगायचं?”

आमच्या ह्यांनी रिकाम्या तांब्याकडे बघितलं.

“आणखी थोडं पाणी मिळंल का?” त्याने विचारलं.

मथुरा पाणी आणायला आत आली ती तांब्या छातीशी धरून पाठीमागच्या भिंतीला टेकली. हसत होती की रडत होती ते तिलाच माहीत. मीच तिच्या हातातून तांब्या घेतला आणि भरून दिला.

लग्नात मी तिचा छोटा अंबाडा घातला, बोराएवढा, आणि त्याभोवती शेवंतीची वेणी माळली. फुलांत कुणाला काही दिसलं नाही. हौसा जवळ येऊन हात लावायला लागली. “अंबाडाच का गं? चौपेडी काय झाली?”

“तुला परत सोडून बघायचा हाय का?” मावशीनं तिच्या मागून विचारलं. हौसा अक्षता शोधायला निघून गेली.

ते गंगावन मी फेकलं नाही. पत्र्याच्या डब्यात अजून आहे. माझं डोकं पांढरं होऊन किती वर्षं झाली, पण ते केस त्या दिवसाइतकेच काळे आहेत. मागं माझी नात पार्लरमधून आली. वर आखूड केस, खाली लांब, मध्ये पायऱ्या पाडल्यासारखे. मी विचारलं, “कुणी कापले असे?” ती म्हणाली, “आजी, ह्याला लेअर म्हणतात.” मला हसू आवरेना. त्या वर्षी माझ्या डोक्यावर तेच होते, फक्त उलटे नि वाकडे, आणि वर पदर होता. मी तिला म्हटलं, आता वेणी घालशील तर आखूड केस मधून उभे राहतील. हाताला थोडं तेल लावून पेड घट्ट धर, आणि चौपेडी घाल, तिपेडीतून ते सुटतात. तिने विचारलं, “तुला कसं माहीत?” मी म्हटलं, माहीत आहे.

मथुरेची पाठवणी झाली त्याच्या पुढच्या रविवारी मी मागच्या दारात फणी घेऊन बसले होते. मागच्या बाजूला कुणी येणार नाही असं समजून पदर खांद्यावर घेतला होता. सासूबाई तेलाची वाटी घेऊन आल्या. त्या घरात मी सून म्हणून आल्यापासून त्यांच्या डोक्याला तेल मी घालत आले होते. माझ्या डोक्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

“बस,” त्या म्हणाल्या. मी उठायला लागले होते.

त्यांनी माझा अंबाडा सोडला. चिंध्यांचा गोळा सुटून फरशीवर पडला, घरंगळत पायरीशी गेला. त्या उठल्या, त्यांनी तो उचलला आणि बाजूला ठेवला. त्यांची बोटं टाळूवरून खाली आली, कानामागं आली, मानेशी कापलेल्या केसांवर आली. तिथं थांबली. पुढच्या सोप्यात आमच्या ह्यांचा माग चालू होता, धोटा इकडून तिकडे जात होता, आणि माझ्या मानेवर ती बोटं तशीच थांबलेली होती.

मग त्यांनी वाटी पुढं ओढली आणि तळहातावर तेल घेतलं.

“खालचे मागं राहिलेत,” त्या म्हणाल्या. “त्यांना जरा जास्त लागंल.”